चौथ्या तारेची चिंधी

भाऊंची जीभ व्होल्ट सांगायची. माझा मुलगा यावर हसतो, पण मी स्वतः बघितलेलं आहे. तेव्हाच्या कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागायचे. वीज देणाऱ्या डब्यातून बारा निघायचे, पण तार लांब असली की वाटेतच गळायचे, आणि कॅमेऱ्यापाशी दहा पोचले की चित्र मळक्या पाण्यासारखं यायचं. बाकीचे लोक मीटर लावायचे. भाऊ तारेची दोन्ही टोकं जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि आमटीत मीठ बघितल्यासारखं तोंड करून सांगायचे, "अकरा. अकराला थोडं कमी." मागनं मी मीटर लावायचो. दहा पॉइंट नऊ. कोणी हे करून बघू नये. मी एकदा केलं आणि दोन दिवस मला चहाची चव कळली नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. वहिनी अजून आहेत, आणि भाऊंबद्दल लोकांनी बोललेलं त्यांना आवडत नाही. चांगलं बोललेलंसुद्धा नाही.

माझं सांगायचं तर मी कोलशेतचा. चौथीपर्यंत शाळा. बाप खाडीत जाळं टाकायचा. मग कारखान्यांचं पाणी खाडीत आलं, मासळी कमी झाली आणि मी वायरमन झालो. लायसन नव्हतं, हात होता. इंग्रजी मला वाचता येत नाही आणि त्याची मला आज लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची. ते पुढे येईलच.

आता घराघरात कॅमेरे आहेत. मुलगा ऑफिसात बसून फोनवर आमचं दार बघतो आणि मी बाहेर पडलो की विचारतो, बाबा कुठे निघालात. तेव्हा तसं नव्हतं. कॅमेरा असायचा एखाद्या सराफाकडे, एखाद्या कारखान्यात. केवढा तरी मोठा डबा. त्याच्यातून जाडी काळी तार निघायची ती थेट शेठच्या टीव्हीत. दुकानात कॅमेरा लागला की चार दिवस गर्दी व्हायची. चोराची कोणाला पडलेली नसायची, टीव्हीत आपण कसे दिसतो ते बघायला लोक यायचे, आणि बघता बघता भांग पाडायचे.

मी भाऊंना पहिल्यांदा बघितलं ते ठाण्यात एका सराफाच्या दुकानात. मी तिथे ट्यूबलाइटच्या कामाला गेलेलो. बघतो तर एक माणूस शिडीवर, अगदी छताला डोकं लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. हातात पाना नाही, पक्कड नाही. नुसता बसलाय. अर्धा तास झाला, तास झाला. सराफ माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, हे बरे आहेत ना? मी वर बघून विचारलं, काका, काय होतंय का तुम्हाला?

"कॅमेरा इथे वर्षानुवर्षं बसणार आहे," ते वरनंच बोलले. "मी दोन तास बसलो तर तुमचं काय बिघडलं?"

ही त्यांची पद्धत होती. जिथे कॅमेरा लावायचा तिथे आधी स्वतः बसायचं. तेवढ्याच उंचीवर, तिकडेच तोंड करून. डोकं वळवायचं नाही, कारण कॅमेऱ्याला मान नसते. ऊन कुठनं येतं, आरसा कधी चमकतो, दार उघडलं की त्याच्या मागे काय लपतं, हे सगळं बसून बघायचं आणि मगच भिंतीला भोक पाडायचं. त्या दिवशी दोन तासांनी ते खाली उतरले आणि सराफाला म्हणाले, कॅमेरा एक हात डावीकडे घेऊ. सराफाने विचारलं, का? तर कोपऱ्यात त्याची म्हातारी आई बसायची, दुपारी तिला डुलकी लागायची आणि तोंड उघडं राहायचं. भाऊ म्हणाले, "तिला टीव्हीवर कशाला आणायची?"

कॅमेऱ्याबद्दल त्यांचे असे पुष्कळ नियम होते. जेवणाऱ्या माणसावर लावायचा नाही, झोपलेल्यावर नाही, देव्हाऱ्यावर नाही. एका गिऱ्हाइकाने शेजाऱ्याचं दार दिसेल असा लावायला सांगितला, तर भाऊंनी तार गुंडाळली, छत्री घेतली आणि चालू पडले. मी मागनं पेटी उचलून धावलो.

मला त्यांनी बरोबर घेतलं ते गाठीमुळे. त्याच सराफाची तार गल्लीवरनं समोरच्या इमारतीत न्यायची होती. दोन इमारतींमध्ये लोखंडी तार ताणायची आणि तिला कॅमेऱ्याची तार जागोजागी बांधायची. भाऊ चिकटपट्टी गुंडाळत होते. मला हसू आलं. उन्हाने ती पट्टी महिन्यात सुटणार. मी वर चढलो आणि जाळ्याला बांधतात ती गाठ मारली. ती ओढली तर आवळते आणि वाऱ्याने सरकत नाही. भाऊंनी ती सोडायला लावली, परत बांधायला लावली. असं सात वेळा. आठव्या वेळी त्यांनी स्वतः बांधली. मग म्हणाले, "नाखवा, उद्यापासून माझ्याबरोबर चला."

माझ्या बापाची होडी छोटीशी होती आणि माझी तर कधीच नव्हती. तरी शेवटपर्यंत मी त्यांचा नाखवाच राहिलो. पण एक सांगतो, नंतर ज्या ज्या कामाला आम्ही गेलो, तिथे कोणी तारेचं कौतुक केलं की ते म्हणायचे, "गाठ यांची आहे." माझ्यादेखत म्हणायचे आणि माझ्यामागेसुद्धा म्हणायचे, हे मला दुसऱ्यांकडून कळलेलं. मला कोणी फुकट शिकवलेलं नाही. त्यांनी मला तार शिकवली, मी त्यांना गाठ शिकवली. बरोबरीचा व्यवहार होता.

त्यांचा एक प्रश्न असायचा, आणि त्याचा मला फार राग यायचा. मी काही सांगितलं, की बाबा तिथे जोड ढिला आहे, किंवा चित्र हलतंय, की ते विचारायचे, "तू बघितलंस, की तुला दिसलं?" कामात असले की मला अरे-तुरे करायचे, चहाला बसलो की परत अहो-जाहो. मी चिडून म्हणायचो, दोन्ही एकच. ते म्हणायचे, एक नाही.

कळव्यात मला त्याचा अर्थ थोडा कळला. तिथे एका औषधाच्या दुकानात आम्ही कॅमेरा लावलेला. दुकानदाराची तक्रार, की चित्रात मधूनच आडव्या रेघा येतात. मी दोनदा जाऊन जोड बदलून आलो. रेघा तशाच. तिसऱ्यांदा भाऊ आले. त्यांनी टीव्हीकडे पाठ केली आणि स्टुलावर डोळे मिटून बसले. दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी गोळ्यांच्या बाटल्यांकडे बघतोय. पंधरा-वीस मिनिटांनी भाऊ म्हणाले, "आता रेघा आल्या." टीव्हीवर बघतो तर खरंच आलेल्या. मग म्हणाले, "आता गेल्या." गेलेल्या. दुकानदाराने हातच जोडले. शेजारी रसवंती होती. तिच्या चरकाला घुंगरं बांधलेली. मोटार चालू झाली की घुंगरं वाजायची, आणि ती मोटार आणि आमचा कॅमेरा एकाच लायनीवर होते. मी तीन दिवस तिथे होतो, दोन ग्लास रस पण प्यायलेलो. घुंगरं मला ऐकू आलेली, पण मी ती ऐकली नव्हती. लायन बदलली, रेघा गेल्या.

एवढा चोरांचा बंदोबस्त करणारा माणूस, पण डोंबिवलीतल्या त्यांच्या घराला दिवसा कधी कडी नसायची. दार नुसतं लोटलेलं. मी विचारलं, भाऊ, चोर आला तर? म्हणाले, "आजचा पेपर टेबलावर आहे. वाचत बसेल." माझी आई म्हणायची, ते डोकं फिरलेलं मानूस हाय, त्याच्या नादाला लागू नको. पण ते कोलशेतला आमच्या घरी आले की तीच त्यांना आधी बोंबलाची चटणी वाढायची.

आता चिंध्यांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं.

चार कॅमेऱ्यांच्या चार काळ्या तारा एका पाइपातून आणल्या, की शेठच्या खोलीत बाहेर पडताना चारही सारख्या. कोणती कुठली ते देवालासुद्धा कळायचं नाही. भाऊंच्या इमारतीखाली शिंप्याचं दुकान होतं. त्याच्याकडनं ते कापडाच्या चिंध्या आणायचे, पिशवी भरून. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच कापडाची चिंधी. लाल ते लाल, फुलाफुलांचं ते फुलाफुलांचं. काम झालं तरी चिंध्या काढायच्या नाहीत. आमचं काम कुठेही ओळखू यायचं. टीव्हीच्या मागे बघायचं, चिंध्या लोंबतायत म्हणजे आमचं.

मला त्यांची लाज वाटायची. दुसरे लोक तारांना पांढऱ्या पट्ट्या लावून त्यांच्यावर छापल्यासारखी इंग्रजी अक्षरं लिहायचे. आणि आम्ही चिंध्या. मी दोन-तीनदा बोललोसुद्धा, की भाऊ, हे गावठी दिसतं. ते नुसते हुं करायचे.

मग डोंबिवलीच्या कारखान्यांच्या भागात एक काम आलं. छोटा कारखाना, लोखंडी वस्तूंवर निकेलचा मुलामा द्यायचा. तिथली हवा अशी की नवा खिळा आठ दिवसांत तांबडा व्हायचा. निकेलचे पत्रे महाग, आणि ते कमी भरतायत असा शेठला संशय. म्हणून चार कॅमेरे. एक गेटवर, एक टाक्यांवर, आणि दोन मागच्या अंगणात. त्या अंगणाच्या एका बाजूला गोदाम, आणि समोरासमोर दुसऱ्या बाजूला रिकामी पिंपं ठेवायची खोली. दोन्ही एकाच वेळी बांधलेली, दोन्हींना सारखीच हिरवी दारं. गोदामावर नजर ठेवणारा कॅमेरा पिंपांच्या खोलीच्या भिंतीवर, आणि पिंपांच्या खोलीवरचा गोदामाच्या भिंतीवर. भाऊ दोन्हीकडे शिडी लावून बसले. गोदामाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला त्यांनी वरनं पत्र्याची झापड केली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

तारा टाकून झाल्या, चिंध्या बांधून झाल्या आणि भाऊंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा ते मोठं प्रकरण असायचं. डोळ्याला पट्टी, वर हिरवं कापड, वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. ते म्हणाले, जोडायचं तेवढं राहिलंय, तू कर. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

मी शेठच्या खोलीत जोडायला बसलो तर शेठचा मेहुणा तिथे आला. गोदामाची चावी त्याच्याकडे असायची. चिंध्या बघून तो म्हणाला, "काय हो, नवस बोललात काय? झाडाला बांधतात तशा बांधल्यात." ऑफिसातल्या दोन मुली हसल्या. माझं डोकं तापलं. मी कात्री घेतली आणि चारही चिंध्या कापून टाकल्या, मग कॅमेऱ्यांकडच्यासुद्धा. बाजारातनं तारा आवळायचे नवे पांढरे प्लास्टिकचे पट्टे आणले, तारा सरळ रेषेत बसवल्या आणि लक्षात होतं तसं जोडून टाकलं. चारही चित्रं आली. टीव्हीवर एकामागून एक दिसायची आणि व्हिडिओच्या टेपवर उतरायची. पहिलं गेट, दुसरं टाक्या, तिसरं हिरवं दार, चौथं हिरवं दार. मी कागदावर मराठीत लिहून टीव्हीला चिकटवलं. तीन गोदाम, चार पिंपं. शेठ म्हणाला, वा, झकास. भाऊंशिवाय केलेलं ते माझं पहिलं काम.

महिना झाला असेल. कारखान्यातनं बोलावणं आलं. गेलो तर शेठच्या खोलीत शेठ, मेहुणा आणि पॅकिंगला काम करणारी एक बाई. साताऱ्याकडची, पन्नाशीला आलेली, सगळे तिला आक्का म्हणायचे. ती भिंतीला टेकून उभी होती. मेहुण्याने टेप लावली. तिसरं चित्र. सकाळी साडेदहाचा सुमार, अंगणात कोणी नाही. आक्का येते, हातात कापडी पिशवी, इकडे तिकडे बघते, हिरवं दार ढकलून आत जाते. दहा मिनिटांनी बाहेर येते, पिशवी पदराखाली. मेहुण्याने दुसऱ्या दिवशीची टेप लावली. तेच. दिवसा गोदामाला कुलूप नसायचं.

आक्का एवढंच म्हणत होती, की मी गोदामात पाय ठेवला नाही, मी पिंपांच्या खोलीत गेलते. शेठने विचारलं, तिथे रिकाम्या पिंपांत तुझं काय काम? त्यावर ती गप्प. परत विचारलं, परत गप्प. शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, शनिवारी पोलिसात द्यावं लागेल, त्याआधी सांगून टाक. मग माझ्याकडे वळला. तारा बरोबर आहेत ना तुमच्या?

आक्का पण माझ्याकडे बघत होती. "दादा," ती म्हणाली, "तुम्हीच लावलाय न्हवं त्यो. नीट बघून सांगा."

मी टीव्हीकडे बघितलं. कागदावर माझं अक्षर होतं. मेहुणा हसला होता ते आठवलं. मी बोललो, शंभर टक्के बरोबर.

आक्काने पदर नीट केला आणि गेली.

मी तिथनं निघालो तो सरळ भाऊंच्या घरी. दार लोटलेलंच होतं. ते पलंगावर बसलेले, डोळ्यांवर हिरवं कापड. मी सगळं सांगितलं, पण असं सांगितलं, की बघा, आपल्या कॅमेऱ्याने चोर पकडला. ते ऐकत होते. मग विचारलं, "ती दार ढकलताना तिची सावली कुठे पडली होती?"

मी आठवून सांगितलं, दारावरच.

"सकाळी साडेदहाला?"

मी हो म्हणालो.

त्यांनी हिरवं कापड डोळ्यांवर नीट केलं. मग तेच. "तू बघितलंस, की तुला दिसलं?"

या वेळी मी चिडलो नाही. मी म्हणालो, दिसलं.

"उद्या सकाळी जाऊ," ते म्हणाले. वहिनी आतनं ओरडल्या, की डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केलीय. भाऊ म्हणाले, मी सावलीत बसेन, उन्हात हा बसेल.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही कारखान्याच्या मागच्या अंगणात. वहिनींनी भाऊंच्या डोक्यावरनं सगळं कापड गुंडाळलेलं, त्यामुळे ते लग्नातल्या नवरीसारखे दिसत होते. शेठ आला, मेहुणा आला. आक्काला पण बोलावलं. पॅकिंगच्या बाया खिडकीत जमल्या. भाऊ खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, गोदामाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याशेजारी शिडी लाव, चढ आणि बस.

इतकी वर्षं मी त्यांची शिडी धरली होती. वर बसलो कधीच नव्हतो. वर चढलो, गुडघे पोटाशी घेतले, झापडीच्या बाजूला डोकं लावलं आणि समोर गोदामाकडे तोंड केलं. ऊन भसकन डोळ्यांत घुसलं. सूर्य गोदामाच्या मागनं वर आलेला, माझ्या थेट तोंडावर. गोदामाचं दार सावलीत, काळोखं, हिरवं आहे हेसुद्धा जेमतेम कळत होतं. ती झापड कशासाठी होती ते मला तेव्हा समजलं.

"बसलास?" खालनं भाऊ.

बसलो.

"किती वाजले शेठ?"

शेठने घड्याळ बघून सांगितलं, सव्वादहा. "मग बसू थोडा वेळ," भाऊ म्हणाले. मेहुणा म्हणाला, हा काय तमाशा लावलाय. शेठ घड्याळ बघत राहिला.

मी वर बसून होतो. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. गोदामाच्या दारावर उन्हाचा एक कण आला नाही. आणि मी ज्या खोलीच्या भिंतीला टेकलो होतो, त्या पिंपांच्या खोलीच्या दारावर लख्ख ऊन होतं. खाली वाकलो तर माझी आणि शिडीची सावली त्याच दारावर पडलेली दिसत होती. टेपमध्ये आक्काच्या पाठीवर ऊन होतं आणि सावली दारावर होती. मला सगळं कळलं. तिसरी आणि चौथी तार मी एकमेकींच्या जागी लावली होती.

आता हे वर फक्त मला कळलं होतं. भाऊंचे डोळे बांधलेले. शेठला या कामातलं काही समजत नव्हतं. मी म्हणालो असतो, की काही कळत नाही, तपासून सांगतो, आणि गुपचूप तारा बदलल्या असत्या, तर माझं काम चांगलंच राहिलं असतं. तेवढं मनात येऊन गेलं. खाली आक्का उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

"सांग," भाऊ म्हणाले. "काय दिसतं?"

त्यांनी काय बघितलंस असं विचारलं नाही. काय दिसतं म्हणाले. मी शिडीवरनंच बोललो, मोठ्याने, खिडकीतल्या बायांना ऐकू जाईल असं. "शेठ, तारा उलट्या लागल्यात. टेपमध्ये दिसतं ते दार पिंपांच्या खोलीचं आहे. आक्का खरं बोलत होत्या. चूक माझ्या हातनं झालीय, भाऊंच्या नाही."

शेठने पाच मिनिटं काही विश्वास ठेवला नाही. मग मी त्याला खोलीत नेलं आणि भाऊंनी अंगणात एका माणसाला गोदामासमोर उभं केलं. टीव्हीवर तो चौथ्या चित्रात दिसला. शेठ खुर्चीत बसला. त्याने सगळ्या टेपा गोळा केल्या, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि आतनं कडी लावली. चौथ्या चित्रात त्याने काय बघितलं ते कोणाला सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यापासून मेहुण्याची स्कूटर कारखान्यात दिसली नाही.

आक्का पिंपांच्या खोलीत का जायची ते तिने आम्हाला नाही, भाऊंना सांगितलं. त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून. तिला साखरेचा आजार होता. साडेदहाला दोन घास खाल्ले नाहीत तर हात कापायचे. शेठला कळलं तर आजारी बाई म्हणून काढून टाकेल, म्हणून ती लपून खायची. पोलिसात जायची वेळ आली तरी तिने तोंड उघडलं नव्हतं. भाऊंनी शेठला बोलावून सांगितलं, साडेदहाला यांना सगळ्यांसमोर जेवू द्या, आणि ज्या खोलीत माणूस जेवतो तिच्यावरचा कॅमेरा मी काढतो. शेठ दोन्हीला हो म्हणाला. पण आक्का म्हणाली, राहू दे की. त्येच्यामुळंच खरं कळलं.

मी तिची माफी मागायला गेलो. मला माफी मागायची सवय नाही. काहीतरी बोललो, की मशीन आहे, होतं कधी कधी. ती म्हणाली, "मशीनचं मला काय न्हाई, दादा. मी तुमास्नी इचारलं हुतं."

मी आत गेलो आणि कात्री शोधली.

मी पांढरे पट्टे कापले, तारा बदलल्या आणि परत चिंध्या बांधायला घेतल्या. पेटीत तीनच जोड्या सापडल्या. चौथीला काही नव्हतं. आक्का दारात उभी राहून बघत होती. तिने डबा बांधायचं फडकं काढलं, निळ्या चौकड्यांचं, दातांनी कड तोडली, दोन पट्ट्या फाडल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाली, माझ्या खोलीच्या तारेला ह्ये बांधा. मी दोन्ही टोकांना बांधलं. जाळ्याची गाठ मारली.

दुपारी भाऊंना घरी सोडायला गेलो. वहिनी त्यांच्यावर चिडलेल्या, माझ्यावर दुप्पट. भाऊ आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. मी वहिनींना म्हणालो, वहिनी, चिंध्यांची पिशवी द्या, पेटीतल्या संपल्यात. त्यांनी खुंटीवरनं पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही यायच्या आधी हा पसारा नव्हता. पट्ट्यांवर इंग्रजीत लिहायचे, सुबक. तुम्ही आलात, तर दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे गेले. म्हणाले, दोघांना वाचता येईल असं काहीतरी पाहिजे."

मी पिशवी घेतली. चहा न पिता निघालो.

हे मी भाऊंना कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. आम्ही पुढे पुष्कळ कामं केली. मी शिडीवर बसायला लागलो, ते खाली बसून पेपर वाचायचे, म्हणजे हातात धरायचे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन काही नीट झालं नाही. मग ते घरीच असायचे.

काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला. शेठने तारा काढायला मलाच बोलावलं. टीव्ही गेलेला, भिंतीवर त्याचा चौकोन राहिलेला. चार तारा लोंबत होत्या. तीन पटापट निघाल्या. चौथीची चिंधी त्या हवेत कडक झालेली, निळं कुठे होतं ते बोटाने पुसून बघावं लागलं. गाठ माझीच, आणि मलाच सुटेना. कापली नाही मी. वीतभर तार तोडून घेतली, चिंधीसकट, आणि डोंबिवलीत भाऊंच्या घरी गेलो.

दार लोटलेलं होतं. मी तारेचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाचपला, सोललेलं टोक शोधलं आणि सवयीने जिभेला लावलं.

"शून्य," म्हणाले.

मला हसू आलं. त्यांना पण आलं. मग त्यांचं बोट चिंधीवर गेलं, गाठीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"गाठ तुझी. चिंधी शिंप्याकडची नाही."

मी म्हणालो, नाही. आक्काच्या डब्याच्या फडक्याची आहे. निळी चौकडी, मधे पांढरी रेघ. कड दातांनी तोडलेली आहे, एका बाजूला दातांची खूण अजून आहे. फाडताना तिचा हात कापत होता. साडेदहा वाजून गेले होते आणि त्या दिवशी आमच्यामुळे ती जेवली नव्हती.

भाऊ तुकडा हातात घेऊन बसले होते. वहिनींनी चहा आणून ठेवला.

"बघितलंस," ते म्हणाले.